ज्वारीचा विमा, डॉलरचा दवाखाना

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या खेड्यांसाठी एक विमा चालवला होता. हप्ता ज्वारीत. सुगी आटोपली, खळ्यावर धान्य आलं की घरटी ठरलेली ज्वारी द्यायची आणि मग वर्षभर दवाखान्यात सवलतीनं उपचार घ्यायचे. या योजनेत एक अट होती आणि सगळं शहाणपण त्या अटीत होतं. एकेकट्या घराला घ्यायचं नाही. गावातली बहुतेक घरं मिळून आली तरच गाव घ्यायचं. कारण उघड आहे. ज्याच्या घरी खाटेवर माणूस आहे तो हप्ता भरायला पळत येणार. ज्याच्या घरी सगळे ठणठणीत आहेत तो म्हणणार, पुढच्या वर्षी पाहू. नुसते आजारी गोळा झाले, तर जमलेली ज्वारी होळीपर्यंतही पुरायची नाही.

सेवाग्राम वर्धा जिल्ह्यात; यवतमाळहून तासा-दोन तासांच्या वाटेवर. आमच्याकडचा माणूस ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भागलं नाही, की सेवाग्राम, सावंगी नाही तर नागपूर गाठतो. त्यामुळे या ज्वारीच्या विम्याची गोष्ट इकडे जुन्या लोकांना ऐकून माहीत असते. मला मात्र ती हल्ली भलत्याच ठिकाणी आठवते. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या निवृत्त मास्तरांच्या घरी, पलंगावर बॅगा उघड्या पडलेल्या असताना, कुणीतरी मोबाइलवर विम्याच्या पॉलिस्या चाळत बसलेलं असतं. वय घाला, तारीख घाला, आधीचे आजार आहेत का त्यावर खूण करा. त्या खुणेपाशी घर गप्प होतं. बीपी आहे, साखर आहे, एकदा अँजिओप्लास्टी झालेली आहे. खूण करावी की करू नये?

यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढंच आठवतं. पण हा जिल्हा चाळीसेक वर्षं इंजिनिअरही पिकवतो आहे. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघालं, यवतमाळात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली. उमरखेड, दिग्रस, घाटंजी, वणीकडची पोरं तिथं शिकली, पुण्याला लागली आणि पुण्याहून त्यांतली बरीच बाहेर गेली. शिकवायला कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतला पगार लावला, कुणी एसटीतला, कुणी वेकोलिच्या खाणीतला, कुणी दोन एकर विकले. ती पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, म्हणजे त्यांचे आईबाप सत्तरीत. प्रश्न नेमका आता का दाटून आला, हे या वजाबाकीत आहे.

कागदपत्रांबद्दल आपल्याकडे फार तक्रार होते आणि ती खोटी नाही. जुन्या माणसांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना १ जून किंवा १ जुलै लिहिलेली. आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नानंतर दुसरं, आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन आईबापांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला, तर आई-मुलाचं नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. साठ-सत्तरच्या दशकात खेड्यात बाळंतपण झालेलं असेल तर तो दाखला कुठून आणायचा? मग तहसिलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढा, नोंद सापडलीच नाही तर तसं पत्र घ्या, प्रतिज्ञापत्रं करा, राजपत्रात नाव बदला. पासपोर्टसाठी नागपूर कार्यालयाची हद्द. अमेरिकेच्या व्हिसाला मुंबई: एका दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. फी माणशी १८५ डॉलर. नाकारलं तरी परत नाही. ऐंशी आणि त्यापुढच्या म्हाताऱ्यांना मुलाखतीतून साधारणपणे सूट मिळायची, तीही सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकली. धामणगावला रात्री गाडीत बसून मुंबईला जायचं आणि दोन मिनिटांच्या प्रश्नोत्तरांसाठी रांगेत उभं राहायचं, हे ब्याऐंशीच्या माणसाला सोपं नाही.

तरीही मी म्हणेन की कागद हा खरा अडसर नाही. कागद माणसाला दमवतो, पण संपतो. सेतू केंद्रातला पोरगा, नात्यातला एखादा वकील, रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर बसून व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरणारी सून, असं सगळ्यांनी मिळून ते काम उरकतं. मुलाखतीतला मुख्य प्रश्नही तसा सोपाच. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यातलं २१४(ब) कलम असं धरून चालतं की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. कळंबकडच्या शेतकऱ्याला हे कलम वाचून दाखवलं तर तो म्हणेल, “परत नाई येणार त कुठी जाईन? माह्या कपाशीले फवारा कोण मारन?” आणि त्याचं खरं असतं. या वयाची बहुतेक माणसं परत यायलाच जातात. सुनेचं बाळंतपण, पाच-सहा महिने, मग कंटाळा, मग घर. गंमत अशी की परत येणार नाहीत या शंकेनं व्हिसाचा कायदा त्यांच्याकडे बघतो, आणि ती परत यायलाच निघालेली आहेत ही जी विम्याच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट, तिचा उपयोग कुणीच करत नाही. याकडे पुढे येतो.

खरा अडसर त्या मोबाइलवरच्या खुणेत आहे. अमेरिकेत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिस्या ढोबळमानानं दोन जातींच्या. एका जातीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम लिहिलेली असते; बिल कितीही येवो, कंपनी तेवढीच देणार. ही स्वस्त असते आणि घाईत घेतली जाते. दुसऱ्या जातीत सुरुवातीची काही रक्कम आपण भरायची आणि पुढचा मोठा वाटा कंपनीनं. पण दोन्हींत आधीच्या आजाराला कुंपण असतं. फार तर ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका’ एवढंच कलम मिळतं आणि त्याची व्याख्या वाचण्यासारखी असते: झटका कसलीही पूर्वसूचना न देता आलेला असावा, चोवीस तासांत उपचार सुरू झालेले असावेत, आणि वय अमुक वर्षांच्या आत असावं. छातीत दोन दिवसांपासून थोडं जड वाटत होतं, पण पोराला कामाच्या दिवशी कशाला सांगायचं म्हणून आई बोलली नाही. हे तिनं डॉक्टरांना खरंखरं सांगितलं, तर तीच पूर्वसूचना ठरते. आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रवास विम्यातही जुन्या आजाराला जीव धोक्यात असेल तेव्हापुरतंच संरक्षण असतं, तेही कमी रकमेचं. सत्तरी ओलांडली की हप्ता चढतो, आणि ऐंशीनंतर कित्येक पॉलिस्यांतली कमाल रक्कम पार खाली घसरते. म्हणजे जिथं गरज सुरू होते तिथून विमा काढता पाय घेतो.

यावर विमा कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. मला ते फारसं पटत नाही. कंपनी सेवाग्रामच्याच हिशोबानं चालली आहे, फक्त उलट्या बाजूनं. तिच्या दारात गाव येत नाही. एकेक म्हातारा येतो, साखर-बीपी घेऊन, सहा महिन्यांसाठी, जगातल्या सगळ्यात महाग दवाखान्यांच्या देशात जायला. त्याचा जुना आजार तिनं बिनशर्त अंगावर घेतला, तर उद्या गुडघे बदलायला आणि बायपास करायला निघालेल्यांचीच रांग लागेल आणि धडधाकट माणूस दुसऱ्या स्वस्त कंपनीकडे जाईल. कंपनी लबाड आहे म्हणून हा विमा पोकळ नाही. त्याच्यामागे गावच नाही, म्हणून तो पोकळ आहे.

हे अमेरिकेला माहीत नाही असं नाही. उलट, तिनंच हे जगाला दाखवून दिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या म्हाताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांकडे दवाखान्याचा विमा नव्हता. कंपन्या देत नव्हत्या किंवा परवडत नव्हता. बाजार हे काम करणार नाही, हे मान्य करून ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली: पासष्टीवरच्या सगळ्यांचं एकच गाव, हप्ता कमावत्यांच्या पगारातून. पुढे दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ला, त्याच जॉन्सननी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. भारतासारख्या देशांची दारं त्यानं उघडली आणि नागरिकांच्या आईबापांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलं. एकाच वर्षी एका देशानं दोन गोष्टी कबूल केल्या: म्हाताऱ्यांचा विमा बाजारावर सोडता येत नाही, आणि स्थलांतरिताचे आईबाप हे त्याचं कुटुंबच आहे. या दोन कबुल्या एकमेकींना मात्र भेटल्या नाहीत. आपल्या म्हाताऱ्यांना ज्या बाजारातून सोडवलं, त्याच बाजारात पाहुण्या म्हाताऱ्यांना पाठवलं.

ग्रीन कार्ड मिळालं तरी लगेच सुटका नाही. वय पासष्ट आणि कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षांचं वास्तव्य झालं, तरच हप्ता भरून मेडिकेअर विकत घेता येतं. ही पाच वर्षांची अट अन्यायाची आहे म्हणून काही परदेशी वृद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मॅथ्यूज विरुद्ध डियाझ या १९७६च्या खटल्यात न्यायालयानं एकमतानं अट उचलून धरली. युक्तिवाद साधारण असा, की देशाशी नातं जसं घट्ट होत जातं तसा हक्कही वाढतो, आणि ते किती घट्ट झालं हे ठरवणं संसदेचं काम. तत्त्व म्हणून यात चूक काढणं कठीण आहे. पण नातं फक्त वास्तव्याच्या वर्षांत मोजायचं का?

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या यवतमाळच्या पोराच्या पगारपत्रकात दोन कपाती असतात: सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के, आणि मालकही तेवढेच भरतो. पहिल्या पगारापासून. त्या पैशावर आजच्या अमेरिकी म्हाताऱ्यांचे दवाखाने चालतात. मेडिकेअरची रचनाच तशी आहे, कमावत्यांनी आजच्या म्हाताऱ्यांचं बघायचं. म्हणजे दारव्ह्याचा मुलगा ओहायोतल्या कुणा अनोळखी आजीच्या उपचाराला हातभार लावतो आणि स्वतःची आई त्याच राज्यात आजारी पडली तर क्रेडिट कार्ड काढतो. दहा वर्षांची, म्हणजे चाळीस तिमाह्यांची भरती व्हायच्या आत तो परत आला, तर त्याच्या स्वतःच्याही पेन्शनचा हक्क उभा राहत नाही. अशी वर्गणी वाया जाऊ नये म्हणून भारतानं बेल्जियमशी सामाजिक सुरक्षा करार केला, तो २००९मध्ये लागू झाला. मग जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, जपान असे बरेच झाले. अमेरिकेशी अजून नाही. पण जे झाले त्यांतही बोलणी कशाची? कामगाराच्या वर्गणीची. त्याचे आईबाप कुठल्याच करारात नाहीत. व्हिसाच्या कायद्यालाही कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि एकवीसच्या आतली मुलं. एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा एच-४ व्हिसा त्यांनाच मिळतो.

इथं दुसऱ्या बाजूचं, म्हणजे या म्हाताऱ्यांना घेणाऱ्या देशांचं, ऐकलं पाहिजे, कारण ती बाजू पोकळ नाही. ऑस्ट्रेलियानं आईबापांच्या कायम वास्तव्याला चक्क किंमत लावली: वर्गणी भरून मिळणारा पालक-व्हिसा माणशी ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या आसपास. एवढे पैसे घेऊनही परवडत नाही, असं तिथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं २०१६च्या अहवालात मांडलं. त्यांच्या अंदाजानं एका पालकाचा आयुष्यभराचा सरकारी खर्च ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार डॉलरांच्या घरात जातो. वर्गणी न भरता अर्ज करणाऱ्याला तिथं तीस वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. सत्तरीतल्या माणसाला तीस वर्षं थांबा म्हणणं म्हणजे नकारच, फक्त सभ्य भाषेतला. ब्रिटननं २०१२मध्ये वृद्ध आईबापांना आणण्याचे नियम इतके आवळले की ती वाट जवळजवळ बुजली. त्याच ब्रिटनमध्ये तरुण कामगार आला की वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतो आणि कुठलाही जुना आजार न विचारता एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत दाखल होतो. गावात घेतात ते निरोगी वयाच्या माणसाला. त्याच्या पाहुण्या आईला दाखल व्हावं लागलं, तर बिल ठरलेल्या दराच्या दीडपट.

कॅनडाची तऱ्हा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. डिसेंबर २०११पासून तिथं सुपर व्हिसा आहे. आता एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा, वर्षभराचा आरोग्य विमा दाखवावाच लागतो. जानेवारी २०२५पासून तो कॅनडाबाहेरच्या काही मान्यताप्राप्त कंपन्यांकडूनही घेता येतो. युरोपच्या शेंगेन व्हिसालाही ३० हजार युरोंचा विमा लागतोच. इथं निदान ढोंग नाही: या, पण तुमचं दुखणं तुमच्या खिशातून. फक्त, सक्ती केली म्हणून विमा चांगला होत नाही. सक्ती सगळ्यांवर आहे, पण विकत घेतो प्रत्येक जण एकटाच; जुन्या आजाराचं कलम जसंच्या तसं. गावच्या गाव वेशीपर्यंत चालत आलं आणि तिथं पुन्हा एकेकाला वेगळं काढलं, असा प्रकार.

परक्या देशाच्या करदात्यानं आपल्या आईबापांचं म्हातारपण का सोसावं, या प्रश्नाला माझ्याकडे गळा काढणारं उत्तर नाही. त्यानं सोसू नये, हेच बहुधा बरोबर. म्हणून मला त्यांच्या दाराशी हट्ट धरण्यापेक्षा आपल्या बाजूनं काय करता येईल हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं एक गोष्ट फार कुणी पाहिलेली दिसत नाही.

पुसदचा मुलगा पुण्यात मोठ्या आयटी कंपनीत असतो, तेव्हा कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईबापांचं नाव बहुधा घालता येतं. कधी कंपनी हप्ता भरते, कधी त्याच्या पगारातून जातो. अशा पॉलिस्यांत जुने आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, कारण मागे हजारो तरुण कर्मचाऱ्यांचं गाव असतं. वडिलांच्या बायपासचा खर्च नागपूरच्या दवाखान्यात कंपनी परस्पर देते. मग हाच मुलगा त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत बदलून जातो. पगार डॉलरमध्ये, विमा अमेरिकन. २०१०च्या कायद्यामुळे त्यात मुलं सव्वीस वर्षांपर्यंत राहू शकतात. आईबाप येऊच शकत नाहीत. भारतातल्या ग्रुप पॉलिसीतूनही त्यांची नावं गळतात, कारण तो आता भारतातला कर्मचारी राहिला नाही. पोराची बढती झाली त्या दिवशी आईबाप सत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच विम्याबाहेर पडले. हे घरात कळतं ते पुढचा दवाखाना लागतो तेव्हा.

मग बाजारात जावं लागतं. तिथं अलीकडे थोडी बरी हवा आहे, हे मान्य केलं पाहिजे. एप्रिल २०२४पासून पासष्टीनंतर आरोग्य विमा नाकारण्याची वयाची आडकाठी विमा नियामकानं काढली, जुन्या आजाराचा थांबा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आणला, २०२५च्या जानेवारीत ज्येष्ठांचा हप्ता मनाला येईल तसा वाढवायला लगाम घातला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण सत्तरीत नवी पॉलिसी घेणाऱ्याला तीन वर्षं म्हणजे लहान काळ नाही. आणि इथं एक घोळ घरोघरी होतो. आईबाप मुलाकडे महिनोन्महिने राहतात, इथली पॉलिसी ‘तिकडं काय कामाची’ म्हणून भरायची राहते, मुदतीनंतरचे सवलतीचे दिवसही उलटतात आणि इतक्या वर्षांचं सातत्य पाण्यात जातं. परत आल्यावर थांबा पहिल्या दिवसापासून. ग्रीन कार्डवाल्यांचं तर आणखी अवघड. कार्ड टिकवायला तिकडं राहिलं पाहिजे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न, वर्षाहून जास्त राहिलं की कार्डच धोक्यात. पण जीव इथं. म्हणून ते ये-जा करत राहतात आणि तिकडची सलग पाच वर्षं भरत नाहीत, इकडची पॉलिसी तुटलेली असते. दोन देशांचे हक्क असलेला माणूस दोन्हीकडे उघडा.

सरकारला गाव बांधता येत नाही असं कुणी म्हणू नये. त्यानं बांधलेलं आहे. आखातात मजुरीला जाणाऱ्या, ईसीआर (परदेशी कामाला सरकारी मंजुरी लागते, अशा) शिक्क्याच्या पासपोर्टवाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना २००३पासून सक्तीची आहे. दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. ती मुख्यतः अपघाताची आणि कामाच्या वयातल्यांची, म्हणून एवढी स्वस्त. ती जशीच्या तशी म्हाताऱ्यांना लावता येणार नाही. पण सगळे जाणारे एका कागदात बांधायचे, ही कल्पना त्यात आहे. दुसरं उदाहरण आणखी जवळचं. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारतमध्ये सत्तरीवरच्या सगळ्यांना घेतलं, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंत, जुन्या आजारासकट. आधार कार्डावरचं वय हीच पात्रता. राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही २०२३च्या निर्णयानं सगळ्या कुटुंबांना खुली झाली. कोणते दवाखाने या यादीत आहेत, यादीतले दवाखाने खाट देतात का, यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण वयाचं एक गाव आणि आजाराची चौकशी नाही, हे तत्त्व सेवाग्रामच्या ज्वारीचंच आहे. ते देशाच्या सीमेवर संपतं, एवढंच.

ते थोडं पुढे नेता येईल का? इथं त्या मघाच्या गोष्टीचा उपयोग आहे: ही माणसं परत येणारी आहेत. आजचा पाहुण्यांचा विमा अमेरिकेत बरं करून द्यायचं आश्वासन देतो आणि ते परवडत नाही म्हणून कलमांत पळवाटा ठेवतो. त्याऐवजी आश्वासनच छोटं आणि खरं करावं. तिकडे फक्त जीव सांभाळायचा, माणूस विमान-प्रवास झेपण्याइतका स्थिर करायचा, सोबत नर्स किंवा डॉक्टर देऊन नागपूरला आणायचं आणि पुढचे उपचार इथल्या दरानं इथं करायचे. अमेरिकेतल्या १९८६च्या कायद्यानं मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही दवाखान्याला, तातडीचा रुग्ण पैसे देऊ शकेल का न विचारता, तपासून स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, आणि भयंकर येतं, पण दार बंद करता येत नाही. विमा त्या स्थिर होईपर्यंतच्या बिलाला आणि परतीच्या खर्चाला बांधला, जुना आजार त्यात बिनशर्त धरला, आणि साठीवरच्या प्रत्येक भेटीच्या प्रवाशाला सक्तीचा केला, तर त्याचं गणित आजच्यापेक्षा पुष्कळ सोपं होईल. मुळात आजच्या पॉलिस्यांतही परत आणण्याचं कलम असतं. पण कधी आणायचं ते कंपनी ठरवते आणि जुन्या आजारासाठी ते बहुधा लागूच नसतं.

यात दोष आहेत. तिथले दर असे आहेत की स्थिर करण्याचेच चार दिवस अख्ख्या गावाची ज्वारी खातील; त्यामुळे हप्ता काही शेकड्यांत राहणार नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रुग्णाला सोळा तास विमानात बसवता येत नाही. सक्ती म्हटली की आणखी एक फॉर्म, आणखी एक एजंट. आणि ज्याला खरंच काही आजार नाही, अशा बासष्टीच्या बाईला दुसऱ्याच्या साखरेचा भार का, हा प्रश्न सेवाग्रामच्या खेड्यातही कुणीतरी विचारला असेल. तिथं उत्तर सोपं होतं; शेजार एकाच पाणवठ्यावरचा होता. अमेरिकेला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांमध्ये तेवढं नातं नसतं. म्हणून हे काम नुसत्या सरकारी आदेशावर सोडू नये असं मला वाटतं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून आहे, गावोगावची मंडळं त्याला जोडलेली आहेत, ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’सारखा उपक्रमही चालतो. दर दोन वर्षांनी अधिवेशनाला हजारो माणसं जमवणाऱ्या संस्थेला आईबापांची सामायिक पॉलिसी ठरवून घेता येणार नाही, हे मी मानत नाही. एकेकट्यानं मोबाइलवर घेण्याऐवजी पाच-दहा हजार घरांनी मिळून कंपनीपुढे बसलं की कलमं बदलतात.

त्याहून लवकर होण्यासारखं काम कंपन्यांचं आहे. ज्या भारतीय कंपन्या पोरांना परदेशी पाठवतात, त्यांनी त्या कर्मचाऱ्याचे आईबाप भारतातल्या ग्रुप पॉलिसीत ठेवावेत, हप्ता हवा तर त्याच्याकडून डॉलरमध्ये घ्यावा. यासाठी ना कायदा बदलायला हवा, ना दोन देशांचा करार. विमा कंपनीला तेच आईबाप, तेच नागपूरचे दवाखाने, तोच हप्ता. बदललं आहे ते फक्त मुलाच्या पगाराचं खातं. आईबाप अमेरिकेत सहा महिने असतील तेव्हाचा धोका वेगळा मोजावा लागेल, पण उरलेल्या सहा महिन्यांचा, आणि परत आणून इथं उपचार करण्याचा पाया तयार असेल. अडचण एवढीच की हे मागणारा कुणी नाही. बदलीच्या बोलण्यांत मुलं घरभाडं, शाळा, ग्रीन कार्डची तारीख विचारतात. भारतातली पॉलिसी कोणत्या तारखेला बंद होणार आणि ती चालू ठेवायला किती पैसे पडतील, हे विचारायला एक ईमेल पुरते. ती बदलीच्या कागदांवर सही करायच्या आधी पाठवावी लागते. नंतर पाठवली तर नाव गळालेलं असतं आणि तीन वर्षांचा थांबा सुरू झालेला असतो.